घाणेरी, मुक्काम हळदा घाट

हळदा घाट उतरून सोयगावकडे येताना वेताळवाडी किल्ल्याचा बुरूज नजरेत भरण्याआधी घाणेरी भेटते. रस्त्याच्या कडेला, तुटलेल्या सागाच्या खुंटाशी, मोरीच्या तोंडाशी, जिथं थोडं ऊन आणि थोडी उकरलेली माती आहे तिथं ती हजर असते. अंगानं चौकोनी. कोवळी फांदी दोन बोटांत धरून फिरवली तर चार कडा लागतात, आणि त्या कडांवर मागं वळलेले बारीक काटे. जाळीत हात घालताना ती काही म्हणत नाही. बाहेर काढताना धरते. शेरडामागं तिच्यात शिरलेल्या पोराच्या सदऱ्याच्या बाहीला विचारा.

पान खरबरीत, कातरलेल्या कडांचं. चुरगाळलं की जो वास येतो, त्यावरून लोकांनी नाव ठेवलं. कुठं टणटणी म्हणतात, विदर्भात रायमुनिया म्हणतात, पण आमच्या भागात ती घाणेरीच. नाव असं आणि फूल मात्र असं की पाहत राहावं. नखाएवढ्या इवल्याशा फुलांचा गुच्छ; कडेची फुलं आधी उमलतात, मग आत आत. उमलताना पिवळं असलेलं फूल दोन-तीन दिवसांत नारिंगी, गुलाबी नाहीतर लाल होतं. त्यामुळं एकाच गुच्छात मध्यावर पिवळा आणि कडेला लाल असा थाट दिसतो. हा नुसता नखरा नव्हे, त्यात हिशेब आहे. पिवळ्यात मध आहे, लाल झालेल्याचं काम आटोपलंय. फुलपाखरांना हे बरोबर कळतं आणि ती सरळ पिवळ्यावर बसतात. लाल फुलं काढून टाकली नाहीत, कारण लांबून बोलवायला ती उपयोगी पडतात. कमी खर्चात दुकान भरलेलं दिसावं, ही अक्कल तिला कुणी शिकवली नाही.

मग फळं येतात. आधी हिरवी, मग काळी-जांभळी, चकचकीत. गुरामागं फिरणाऱ्या पोरांना पिकलेली काळी फळं ठाऊक असतात. हिरव्याला हात लावायचा नाही हेही ठाऊक असतं. मोठं झुडूप वर्षाकाठी 12,000 पर्यंत फळं देतं. ती बुलबुल खातो, साळुंकी खाते, आणि दूर कुठल्यातरी पळसाच्या फांदीवर बसून बी खाली टाकते. म्हणून जंगलात घाणेरीचं नवं पोर हुडकायचं असेल तर जमिनीकडं बघत हिंडू नये. पाखरं बसतात त्या झाडाखाली जावं.

ती इथली नाही, हे खरं. तिचं माहेर अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यात. सतराव्या शतकात डच लोकांनी तिला युरोपात नेलं, तिथल्या माळ्यांनी हौसेनं तिचे संकर केले, रंगांवर रंग चढवले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रजांनी तिला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणून लावलं. म्हणजे आज आपल्या डोंगरात जी उभी आहे ती मूळची रानटी बाईसुद्धा नव्हे. कुंडीत वाढलेली, बागेत मिरवलेली, माणसानं घडवलेली. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात वाघूरच्या घळीशी आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, तेव्हा ती इकडं पोहोचली असण्याचं कारण नव्हतं. लेण्यांच्या भिंतींवर हत्ती आहेत, हरणं आहेत, माकडं, हंस, आंबे, केळी, कमळं आहेत. चितारणाऱ्यांनी भोवतालचं रान डोळे भरून पाहिलं होतं. त्या रानात घाणेरी नव्हती. आज लेण्यांच्या भोवतालच्या डोंगरात ती आहे.

पण बाहेरची म्हणून तिच्यावर राग धरायचा, तर मग सीताफळाचं काय करायचं? तेही अमेरिकेतलंच. अजिंठ्याच्या डोंगरात ते इतकं रुजलंय की जुन्या शिल्पांत सीताफळ कोरलेलं असल्याचा दावा करणारे विद्वानही होऊन गेले. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. मिरची, टोमॅटो, पेरू, सगळे त्याच गलबतातले. आपण पाहुण्याला जातीवरून नव्हे, वागण्यावरून जोखतो, आणि वागणुकीच्या बाबतीत घाणेरीचा चोपडा काळाकुट्ट आहे.

तो चोपडा उघडायचा तर आधी ऑस्ट्रेलियाला जावं लागतं. तिकडं ती 1841 साली पोहोचली, तीही बागेतलं शोभेचं झाड म्हणूनच. लोकांनी हौसेनं कुंपणाला लावली. वीसेक वर्षांत ती कुंपण ओलांडून रानात उतरली. आज न्यू साऊथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यालगत सुमारे 40 लाख हेक्टरांवर तिचा वावर आहे. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियानं राष्ट्रीय महत्त्वाच्या वीस तणांची पहिली यादी केली, त्यात ती होती. 2006 मध्ये न्यू साऊथ वेल्सनं तिच्या फैलावाला कायद्याच्या भाषेत देशी जीवसृष्टीवरचा प्रमुख धोका ठरवलं.

तिथली तिची एक करामत फार गुंतागुंतीची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ऑस्ट्रेलियात बेल मायनर नावाचं एक लहानसं हिरवट पाखरू आहे. अस्सल तिथलंच. हाक घंटेसारखी, म्हणून हे नाव. आपल्या मैनेशी त्याचा काही संबंध नाही. निलगिरीच्या पानांतला रस शोषणारे बारीक किडे अंगावर गोड कवच तयार करतात, आणि हे पाखरू ते कवच खातं. किड्याला शक्यतो जिवंत ठेवतं, आणि किडे खाणाऱ्या बाकीच्या पाखरांना थव्यानं हुसकावून लावतं. त्याला घरट्यासाठी हवी असते दाट, बुटकी जाळी. जंगलातली मोठी झाडं तोडली, वरचं छप्पर विरळ झालं, खाली ऊन आलं आणि घाणेरी माजली. जाळी मिळाली म्हणून बेल मायनर वाढला. तो वाढला म्हणून बाकीची पाखरं गेली. ती गेली म्हणून किडे वाढले आणि उभ्या निलगिरीची पानं झडून झाडं वाळायला लागली. झाडाला घाणेरीनं बोटसुद्धा लावलेलं नाही. कोआलाच्या दुखण्यांची यादी आधीच लांब आहे: जंगलतोड, 2019-20 चे वणवे, रोगराई, रस्त्यावरच्या गाड्या, कुत्री. 2022 च्या फेब्रुवारीत त्याला पूर्व ऑस्ट्रेलियात संकटग्रस्त जाहीर करावं लागलं. ज्याचं जेवणच निलगिरीचं पान, त्याच्या रानात निलगिरीच वाळायला लागली तर यादीत आणखी एक ओळ वाढते.

आपणही त्या देशाला एक भेट पाठवलेली आहे. आपली साळुंकी. 1860 च्या दशकात मेलबर्नच्या भाजीमळ्यांतले किडे खायला तिला नेलं, पुढं क्वीन्सलँडच्या उसात सोडलं. किडे तिनं खाल्ले न खाल्ले, पण तिथल्या पोपटांच्या ढोल्या बळकावल्या. आपल्या अंगणात भांडखोर पण प्रेमळ म्हणून खपून जाणारी साळुंकी तिकडं लोक पिंजरे लावून पकडतात. आणि तिथंही ती घाणेरीची फळं खाते, बी पसरवते. दोघींची गाठ कुठं पडावी, तर दोघींच्याही परक्या मुलखात.

माणसानं घाणेरीशी लढाया केल्या नाहीत असं नाही. 1902 मध्ये हवाई बेटांवर मेक्सिकोतून तिचे शत्रू-किडे गोळा करून आणले. तणावर मुद्दाम किडे सोडण्याच्या जगातल्या पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी तो एक. ऑस्ट्रेलियानं 1914 पासून तीसेक जातींचे किडे आणि बुरशा तिच्यावर सोडून पाहिल्या. त्या देशाला या मार्गाची चटक लागायला कारणही होतं. 1926 मध्ये त्यांनी दक्षिण अमेरिकेतून एक पतंग आणून निवडुंगावर सोडला, आणि त्याच्या अळ्यांनी काही वर्षांत लाखो हेक्टर जमीन निवडुंगातून मोकळी केली. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावानं त्या पतंगाच्या नावानं सभागृह बांधलंय. किड्याच्या स्मरणार्थ सभागृह. आपल्याकडं सभागृहांना नावं देताना इतकी निवड होत नाही.

घाणेरीनं मात्र तसं सभागृह कुणाला बांधू दिलं नाही. ती माळ्यांनी केलेल्या संकरांची बनलेली. एका रंगाची फुलं असलेली एका किड्याला बळी पडते, शेजारची दुसऱ्या रंगाची त्याच किड्याला ढुंकून विचारत नाही. 1941 साली ऑस्ट्रेलियातून एक जाळीदार पंखांचा ढेकूण देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत आणला गेला. बंदिस्त जागेत त्याची परीक्षा चालू असताना लक्षात आलं की तो सागाची फुलंही खातो. ज्या संस्थेचं काम जंगल सांभाळणं, तिथं सागाला धोका म्हणजे प्रकरण मिटलंच. सगळे ढेकूण मारून टाकायचं ठरलं. मारलेही. पण काही आधीच सटकले होते, आणि पुढं ते देशभर पसरले. सागाचं त्यांनी फार काही बिघडवलं नाही, आणि घाणेरीचंही नाही. पानं तपकिरी पडतात, ती ती झाडून टाकते आणि पहिल्या पावसाला नवी काढते.

2020 साली भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी देशातल्या वाघांच्या प्रदेशात तिचा पसारा मोजला. सुमारे 1,54,000 चौरस किलोमीटर जंगल, म्हणजे त्या जंगलांच्या 40 टक्क्यांहून जास्त. आख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ याच्या दुप्पट आहे.

आमचा डोंगर या हिशेबात लहान. पण अजिंठ्याची रांग कन्नडच्या पुढंपर्यंत सलग जाते, आणि तिकडं 1986 पासूनचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, सुमारे 260 चौरस किलोमीटरचं. 2021 च्या मार्चमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेतं, रस्ते, नद्या ओलांडत तिथं येऊन ठेपला. कॅमेऱ्यात त्याचा फोटो आला आणि वर्तमानपत्रं हरखली, ते योग्यच होतं. गौताळ्यात वाघाचं नाव कित्येक दशकांनी निघालं होतं. पण वाघाला नीलगाय लागते, डुक्कर लागतं, आणि नीलगाईला गवत लागतं. घाणेरीच्या दाट जाळीत वाकून बघा. खाली काही नसतं. वाळका पाला, भुसभुशीत माती, कुठंतरी तिचंच रोप. ऊन ती खाली पोहोचू देत नाही, आणि मुळांतून-पाल्यातून जे झिरपतं ते दुसऱ्याचं बी धड रुजू देत नाही. मारवेल, पवन्या, कुसळी यांची जागा गेलेली असते. सागाचं, धावड्याचं, अंजनाचं बी पडतं, उगवतंही एखादं, पण वर येत नाही. उभं जंगल म्हातारं होत जातं आणि मागं पोरं नाहीत. लांबून बघणाऱ्याला मात्र डोंगर हिरवागार दिसतो. पावसाळ्यात फोटो काढणाऱ्याला तर फारच.

गुरांना तिची पारख असते. पोट भरलेलं जनावर तिला तोंड लावत नाही. दुष्काळी उन्हाळ्यात बाकी काही उरलं नाही, किंवा बाजारातून आणलेलं नवखं जनावर तिच्यात सोडलं, की घात होतो. पानांतलं विष यकृतावर बसतं. डोळे पिवळे पडतात, चारा सुटतो, शेण कोरडं पडतं. मग उन्हात उभं राहिलं की नाकपुडीची, कासेची, अंगावरच्या पांढऱ्या भागाची कातडी भाजल्यासारखी होऊन सोलते. काळ्या म्हशीपेक्षा पांढऱ्या गाईचे हाल जास्त. असं जनावर सावलीत बांधावं आणि डॉक्टरला बोलवावं. नुसत्या झाडपाल्यावर दिवस काढले तर ते हातचं जातं.

एवढं सगळं तिच्या नावावर मांडल्यावर दुसरी बाजू न सांगणं अन्यायाचं होईल. उन्हाळ्यात डोंगर उघडा पडतो तेव्हा ससा, तित्तर, लाव्हे, रानडुक्कर, कधी बिबट्याची मादीसुद्धा तिच्याच आसऱ्याला असते. बोर-करवंदाची जी जाळी पूर्वी हे काम करायची, ती सरपणात गेली. ऑस्ट्रेलियातही हेच. जिथं देशी झुडपं उरली नाहीत तिथं चिमुकली निळी रेन पाखरं आणि जमिनीवर राहणारे बँडिकूट घाणेरीतच लपतात, म्हणून तिकडचे जाणकार सांगतात की एका दमात सगळी काढू नका, टप्प्याटप्प्यानं काढा आणि मोकळ्या जागेत आधी देशी झुडूप उभं राहू द्या. फुलपाखरांचं तर विचारूच नका. ती असेल तिथं त्यांची जत्रा असते.

मला तिच्यात सगळ्यात जास्त खटकतो तो तिचा प्रामाणिकपणा. भरलेल्या, घट्ट जंगलात ती फारशी शिरत नाही. तिथं ऊन मिळत नाही, जागा मिळत नाही. फांदी तुटली, वणवा गेला, एकाच जागेवर पाचशे शेरडं वर्षानुवर्षं फिरली, रस्त्यासाठी कड खणली, की ती येते. वणव्यात वरून जळते आणि बुंध्यातून पुन्हा फुटते. बाकीची रोपं जळून जातात, म्हणजे जाळणारा तिचंच काम करतो. कुठल्या डोंगराचं आपण काय केलंय हे वन खात्याच्या नकाशावरून मला कधी नीट कळलेलं नाही. घाणेरीवरून कळतं.

तिला काढायची रीत आहे. दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कॉर्बेटच्या जंगलात वापरून दाखवली. वरून विळ्यानं छाटायचं नाही, कारण छाटली की ती दुप्पट फुटते. जेसीबी लावून आख्खी जमीनही उलथायची नाही, कारण उलथलेली माती म्हणजे तिच्या बियांना आमंत्रण. बुंध्याशी बसून, मातीच्या दोन-तीन बोटं खाली, मुख्य मूळ कुदळीनं तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर, तिथंच वाळू द्यायचं. हे पावसाळ्याआधी करायचं. मग गवताचं बी टाकायचं, आणि पुढची दोन-तीन वर्षं पाखरांच्या झाडाखाली उगवणारी रोपं उपटत राहायचं. पहिल्या पावसातलं रोप दोन बोटांनी निघतं. दुसऱ्या वर्षी त्याला कुदळ लागते. कामाची खरी गोम इथं आहे. काढण्याला निधी मिळतो, फोटो निघतो. उपटत राहण्याला मिळत नाही.

निघालेल्या काटक्यांचं काय, यावरही लोकांनी डोकं चालवलंय. कर्नाटकात मलै महादेश्वरच्या डोंगरात आदिवासी कारागीर तिच्या फांद्या उकळून खुर्च्या, टेबलं करतात. निलगिरी पर्वताकडच्या कारागिरांनी तिच्यापासून खऱ्या मापाचे हत्ती विणले आणि 2021 मध्ये ते लंडनच्या बागांत उभे राहिले. चांगलंच आहे. पण धंदा चालायला घाणेरी लागते, आणि धंदा फार चालला तर ती संपू नये असं कुणाला तरी वाटायला लागेल, ही शंका मनातून जात नाही.

घाटाच्या वळणावर शेरडं घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याशी हा विषय निघाला होता. घाणेरी काढून गवत लावायचं, तीन वर्षं चराई बंद ठेवायची, गवत उभं राहिलं की गावानं कापून न्यायचं, असं सगळं मी त्याला समजावलं. त्यानं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "भाऊ, गवत येईल ते कुणाचं? आमच्या जनावरांचं का नीलगाईचं?"

"दोघांचं, बाबा. तुम्ही कापून न्यायचं, उरलेलं तिनं खायचं."

"आन कापायचं कधी?"

"दिवाळीच्या आसपास. बी पडून गेल्यावर."

तो हसला. "दिवाळीत आख्खं सोयगाव कापूस वेचायला असतं. मजूर जळगावकडून आणावा लागतो. गवत कापायला कोण येतंय?"